ऑटिझम असलेल्या मुलांना समजून घेण्यासाठी कुठली पुस्तकं वाचावीत?

चाफेकळी
नमस्कार मंडळी. माझा मुलगा पाचव्या वर्षात आहे. गेल्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि स्पीच थेरपी सुरू आहे, तिथल्या ताई चांगल्या आहेत, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला विचारायचंय ते पुस्तकांबद्दल.

थेरपीच्या पाऊण तासात त्याच्याकडून काय करून घ्यायचं ते मला कळतं. पण तो असं का करतो, हे कुणी नीट सांगत नाही. घरातल्या वाट्या ओळीत मांडतो आणि त्यातली एखादी आमटीसाठी उचलली की जीव जाईल असा रडतो. मिक्सर लावला की कानावर हात, कुकरच्या शिट्टीला मात्र काही नाही. बोलतो ते सगळं कुठेतरी ऐकलेलं. नाशिकला येण्याआधी आम्ही डोंबिवलीत होतो, तेव्हापासून लोकलमधली घोषणा त्याला पाठ आहे : 'पुढील स्टेशन ठाणे.' हे तो भर जेवणात म्हणतो, अंघोळ करताना म्हणतो, पाहुणे आले की म्हणतो.

नेटवर शोधलं की एकतर लक्षणांच्या याद्या मिळतात, नाहीतर 'आमचं बाळ सहा महिन्यांत बरं झालं' असली कहाणी. दोन्ही वाचवत नाहीत आता. तुम्ही स्वतः वाचलेली आणि घरात उपयोगी पडलेली पुस्तकं सांगाल का? इंग्रजी चालतील. सासूबाईंसाठी काय करता येईल तेही सांगा. मी नोकरी करते आणि मोबाईल हातात देते म्हणून हे झालं, असं त्यांचं ठाम मत आहे.

सातारचा_बाबा
वाचतोय. मलाही हवीत नावं.

शाळेतली_ताई
चाफेकळी, मी विशेष शिक्षिका आहे. तुमची पोस्ट वाचल्या वाचल्या एकच पुस्तक डोळ्यांसमोर आलं, ते आधी घ्या : बॅरी प्रिझंट यांचं 'युनिकली ह्यूमन'. २०१५ मध्ये आलं. प्रिझंट मूळचे स्पीच थेरपीतले. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणायचं, ज्याला इकोलालिया म्हणतात, त्यावर त्यांनी १९८० च्या आसपास काम केलं. तेव्हा ती निरर्थक बडबड समजली जायची आणि थेरपीत ती बंद पाडण्यावर भर असायचा. यांनी मुलांच्या शेजारी बसून बघितलं : मूल हे वाक्य कधी म्हणतं, कुणाकडे बघून म्हणतं, आधी काय घडलं, नंतर मुलाला काय हवं होतं. तर त्या 'बडबडी'त मागणं होतं, नाकारणं होतं, होकार होता, स्वतःला शांत करणं होतं.

अख्खं पुस्तक याच एका प्रश्नावर उभं आहे : मूल असं का करतंय? ऑटिझमचं म्हणून जे जे वागणं आपण मोजतो, झुलणं, हात फडफडवणं, ओळी लावणं, पळून जाणं, ते बहुतेक वेळा घाबरलेल्या किंवा गोंधळलेल्या माणसाचं स्वतःला सावरणं असतं, असं ते म्हणतात. आपणही परीक्षेच्या हॉलबाहेर येरझाऱ्या घालतोच. वागणं बंद पाडायच्या आधी ते कशासाठी चाललंय ते शोधा, एवढंच त्यांचं सांगणं, पण उदाहरणं इतकी भरपूर की पानोपानी आपलंच मूल दिसतं.

माझ्या वर्गातला एक मुलगा काम नकोसं झालं की 'टाळ्या! टाळ्या!' म्हणायचा. गॅदरिंगमध्ये टाळ्या वाजल्या की नाच संपतो, हे त्याने धरलं होतं. त्याला 'बास झालं' म्हणायचं असायचं. तुम्ही एक वही करा. 'पुढील स्टेशन ठाणे' आलं की वेळ, जागा, आधी काय झालं आणि नंतर तो कुठे गेला, एवढं लिहा. अर्थ वहीतून निघेल.

ऋचा_न्यूजर्सी
माझ्याकडून 'द रीझन आय जम्प'. नाओकी हिगाशिदा हा जपानी मुलगा, बोलणं जवळजवळ नाही, तेरा वर्षांचा असताना लिहिलेलं पुस्तक. जपानीत २००७ ला आलं, इंग्रजीत २०१३ ला. भाषांतर डेव्हिड मिचेल या कादंबरीकाराने बायकोसोबत केलंय, आणि त्यांचा मुलगाही ऑटिस्टिक आहे. सगळं प्रश्नोत्तरांत आहे : तू उड्या का मारतोस, डोळ्यांत का बघत नाहीस, तेच तेच का विचारतोस, गाड्यांच्या ओळी का लावतोस. आम्ही इथे पालकांच्या गटात एकत्र वाचलं. एका बाबांनी सांगितलं की त्या दिवसापासून ते मुलासमोर मुलाविषयी बोलायचे थांबले, कारण तो सगळं ऐकतोय हे त्यांना पटलं. माझ्या मते आईने पहिलं हेच वाचावं.

स्पीचवाली
ऋचा, पुस्तक सुंदर आहे, पण पहिलं म्हणून मी ते सुचवणार नाही. कारण सांगते. नाओकीने आईने बनवलेल्या अक्षरफळ्यावर बोट ठेवून लिहायला सुरुवात केली. अशा पद्धतींबद्दल आमच्या व्यवसायात गंभीर शंका आहेत. शेजारी बसलेल्या माणसाच्या नकळत दिलेल्या इशाऱ्यांनी अक्षरं निवडली जातात, हे 'फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन'च्या, म्हणजे मदतनीस हात धरून टाइप करवतो त्या पद्धतीच्या, बाबतीत १९९० च्या दशकातच चाचण्यांमध्ये दिसलं होतं. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने, म्हणजे 'आशा'ने (ASHA), २०१८ मध्ये ती पद्धत आणि 'रॅपिड प्रॉम्प्टिंग' (मदतनीस अक्षरफळा समोर धरून सतत सूचना देतो ती) या दोन्ही वापरू नयेत असं स्पष्ट म्हटलं. नवीन आई हे पुस्तक वाचते आणि दुसऱ्या दिवशी अक्षरफळा मागते, हे मी प्रत्यक्ष बघते. तोवर चित्रकार्डं, टॅबवरचं बोलणारं ॲप, खुणा हे सगळं मागे पडतं.

ऋचा_न्यूजर्सी
शंका मलाही माहीत आहेत. तो आता स्वतः टाइप करतो असं त्याच्या पुढच्या पुस्तकाच्या वेळी मिचेल यांनी लिहिलंय. आणि समजा शंका धरूनच वाचलं, तरी 'हे मूल आत रिकामं नाही' हे मनावर ठसतं त्याची किंमत आहेच ना?

स्पीचवाली
आहे, अगदी आहे. पण ते मनावर ठसवायला एका मुलाचं उत्तर सगळ्या मुलांच्या तोंडी घालायची गरज नाही. नाओकी ओळी लावतो त्यामागचं कारण नाओकीचं. चाफेकळीच्या मुलाच्या वाट्यांचं कारण वेगळं असू शकतं. दुसरं-तिसरं म्हणून जरूर वाचा.

याच मुद्द्यावर टिटो राजर्षी मुखोपाध्याय हे नावही इथे यायला हवं. भारतात वाढलेला मुलगा, लहानपण कर्नाटकात गेलं. त्याचं 'बियाँड द सायलेन्स' ब्रिटनच्या नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीने २००० मध्ये काढलं. त्याच्या आई सोमा यांनीच पुढे अमेरिकेत रॅपिड प्रॉम्प्टिंगची पद्धत रुजवली, त्यामुळे वाद तिथेही आहेच. पण त्याच्या लिहिण्यात भारतीय घर, शेजारी, डॉक्टरांच्या वाऱ्या आहेत, आणि ते जपान-अमेरिकेच्या पुस्तकांत सापडत नाही.

निळीशाई
मला स्वतःला तिशी उलटल्यावर निदान झालं, त्यामुळे थोडं दुसऱ्या बाजूने लिहितो.

टेम्पल ग्रँडिन यांचं 'थिंकिंग इन पिक्चर्स' वाचा. १९९५ चं आहे. त्या १९४७ साली जन्मल्या, साडेतीन वर्षांच्या होईपर्यंत बोलत नव्हत्या, पुढे पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या आणि अमेरिकेतल्या गुरांच्या छावण्यांची, कत्तलखान्यांची रचना जनावरं घाबरणार नाहीत अशी बदलली. शाळेची घंटा म्हणजे दाताच्या डॉक्टरांचं यंत्र नसेवर टेकल्यासारखं वाटायचं, असं त्यांनी लिहिलंय. चाफेकळी, तुमचा मिक्सर इथे आहे. आपल्याला जो नुसता आवाज वाटतो तो त्याला दुखतो. तो हट्ट करत नाहीये.

मात्र हे पुस्तक वाचून आपलं मूलही चित्रांतच विचार करत असणार असं धरू नका. ग्रँडिन यांनी स्वतःच नंतर ते दुरुस्त केलं. २०१३ च्या 'द ऑटिस्टिक ब्रेन'मध्ये त्या म्हणतात की काही जण चित्रांत, काही आकृतिबंधांत, म्हणजे गणित-संगीत वगैरेंमध्ये, आणि काही शब्दांत विचार करतात. मी शब्दांतला. मला लहानपणी सगळे चित्रं दाखवायचे आणि मला कुणीतरी नीट वाक्यात सांगावं असं वाटायचं.

अजून एक. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये मांडलेली एक कल्पना पालकांना माहीत असायला हवी. ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही असं सगळे म्हणतात. मिल्टन म्हणतो, दुसऱ्यांना तरी ऑटिस्टिक माणसाचं मन कुठे कळतं? गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, पण दोष एकाच्याच माथी येतो.

पुस्तक निवडताना माझी एकच कसोटी आहे. तुमचा मुलगा वीस वर्षांचा झाल्यावर ते कपाटातून काढून वाचेल. त्यात त्याच्यासारख्या मुलाचं जे वर्णन आहे ते त्याने वाचलेलं तुम्हाला चालेल का? चालणार नसेल तर ते पुस्तक तुम्हाला त्याच्याबद्दल फार काही शिकवणार नाही.

सातारचा_बाबा
निळीशाई, ही कसोटी लिहून ठेवली.

कृष्णाकाठ
निळीशाई, तुमचा आदर ठेवून लिहिते. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, बोलत नाही, अस्वस्थ झाली की स्वतःच्या मनगटाला चावते. प्राध्यापक झालेल्या, पुस्तकं लिहिणाऱ्या ऑटिस्टिक लोकांचं वाचून मला बरेचदा एकटं वाटलंय. त्यांच्या आत्मचरित्रात माझी मुलगी नसते. तिच्यासारख्यांचं लिहिलं ते आयांनीच, कारण तिला स्वतःला लिहिता येत नाही.

म्हणून माझं पुस्तक 'द सीज'. क्लारा क्लेबोर्न पार्क, साल १९६७. या बाई इंग्रजीच्या प्राध्यापिका. धाकटी मुलगी १९५८ ची, पुस्तकात नाव बदलून एली. हाक मारली तर वळून बघत नाही, काही हवं असेल तर आईचा हात धरून त्या वस्तूवर नेऊन ठेवते, जणू हात म्हणजे चिमटा. बाईंनी रोज तासन् तास जमिनीवर बसून तिच्या खेळात शिरायचा प्रयत्न केला आणि सगळं टिपून ठेवलं. त्यात कुठेही चमत्कार नाही. पुढचं 'एक्झिटिंग निर्वाणा' २००१ ला आलं, तोवर मुलगी चाळिशीत. तिचं खरं नाव जेसी. कॉलेजच्या टपालखोलीत नोकरी करते, झगझगीत रंगांत इमारती आणि विजेचे हीटर रंगवते, घर सांभाळते आणि तरीही आयुष्यभर आधार लागतोच. हे 'तरीही' लिहायची हिंमत मला त्या पुस्तकात दिसली.

आता चाफेकळींच्या सासूबाईंबद्दल. 'द सीज' आलं त्याच १९६७ साली ब्रुनो बेटलहाइम यांचं 'द एम्प्टी फोर्ट्रेस' आलं. त्यात मुलांच्या ऑटिझमचं खापर आईच्या थंडपणावर फोडलं होतं. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. एका पिढीच्या आयांना मुलाच्या उपचारांबरोबर स्वतःचेही मानसोपचार करून घ्यायला लागले. वास्तविक बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच 'इन्फंटाइल ऑटिझम' लिहून हे मज्जासंस्थेशी निगडित आहे, आईच्या प्रेमाशी नाही, हे मांडलं होतं. ते स्वतः मानसशास्त्रज्ञ आणि ऑटिस्टिक मुलाचे वडील. तेव्हा नोकरी, मोबाईल यांना दोष देणाऱ्यांना एवढंच सांगा : मोबाईल नव्हते तेव्हाही दोष आईचाच होता.

निळीशाई
कृष्णाकाठ, पटलं. तुमच्या मुलीसारख्यांबद्दल आईने लिहिलेलं हवंच. पार्कबाईंचं पुस्तक माझ्या कसोटीला पूर्ण उतरतं, जेसीने वाचलं तरी मान खाली घालावी असं त्यात काही नाही.

ग्रंथपाल_कोल्हापूर
इतिहासात रस असणाऱ्यांसाठी दोन जाडजूड पुस्तकं. स्टीव्ह सिल्बरमन यांचं 'न्यूरोट्राइब्ज' (२०१५) आणि जॉन डॉनवन-कॅरन झकर यांचं 'इन अ डिफरंट की' (२०१६). अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांवर निबंध लिहिला तिथून गोष्ट सुरू होते. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट. डॉनवन-झकर त्याच्या गावी, मिसिसिपीतल्या फॉरेस्टला जाऊन त्याला भेटले. गावाने त्याला सांभाळून घेतलं, बँकेत नोकरी, गोल्फ, एकट्याने जगभर प्रवास. २०२३ मध्ये वारला. गाव माणसाला सामावून घेतं म्हणजे काय, हे त्या प्रकरणात बघायला मिळतं.

सिल्बरमन वाचताना एक ध्यानात ठेवा. त्यांनी व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्गरचं चित्र बरंच उजळ काढलंय. २०१८ मध्ये हेर्विग चेक या इतिहासकाराने व्हिएन्नातली कागदपत्रं प्रसिद्ध केली आणि अ‍ॅस्पर्गरने नाझींच्या मुलं मारण्याच्या यंत्रणेकडे काही मुलं पाठवल्याचं समोर आलं. 'इन अ डिफरंट की'मध्ये याची चाहूल आधीच आहे.

भारताबद्दल हवं असेल तर रॉय रिचर्ड ग्रिंकर यांचं 'अनस्ट्रेंज माइंड्स' (२००७). लेखक मानववंशशास्त्रज्ञ, मुलगी ऑटिस्टिक. दिल्लीत 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था उभी करणाऱ्या मेरी बरुआ त्यात भेटतात. शुभांगी वैद्य यांचं 'ऑटिझम अँड द फॅमिली इन अर्बन इंडिया' (२०१६) दिल्लीतल्या कुटुंबांवर आहे. अभ्यासकांसाठी लिहिलेलं आणि महाग, पण आजी-आजोबा, काका-आत्या, लग्नकार्यातली कुजबुज हे सगळं त्यात आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा.

ओटी_मुलुंड
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. कॅरोल स्टॉक क्रॅनोविट्झ यांचं 'द आउट-ऑफ-सिंक चाइल्ड' (१९९८) कुणीतरी सुचवेलच, म्हणून मीच सांगते. ते फक्त ऑटिझमवर नाही, आणि त्यातलं सगळंच संशोधनाने भक्कम झालेलं नाही. तरी संवेदना म्हणजे काय हे समजायला सोपं आहे. आवाज, स्पर्श, वास हे माहीत असतं सगळ्यांना, पण स्नायू-सांध्यांतून येणारी जाणीव आणि तोल यांचं भान पालकांना बहुधा पहिल्यांदा याच पुस्तकातून येतं. २०१३ च्या डीएसएम-५ पासून, म्हणजे निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन नियमावलीपासून, तर संवेदनांचा फरक हा निदानाच्या निकषांतच आला.

मिक्सर आणि कुकरचं सांगते. कुकर आधी सूं सूं करतो, मग शिट्टी देतो. मूल तयार असतं. मिक्सर एकदम सुरू होतो. लावण्याआधी त्याला सांगा, आणि जमेल तर बटण त्यालाच दाबू द्या. आवाज आपल्या हातात आहे हे कळलं की बऱ्याच मुलांची भीती उतरते. नाही उतरली तर त्याला दुसऱ्या खोलीत जाऊ द्या, कान झाकू द्या. सवय व्हावी म्हणून मुद्दाम जवळ उभं करू नका. जेवणाआधी कणीक मळायला द्या, अर्धी बादली उचलून न्यायला द्या. घरात ओटीचं सामान भरपूर असतं.

स्पीचवाली
ओटीताई बरोबर. घरी करायच्या गोष्टींसाठी माझी दोन नावं. पहिलं 'मोअर दॅन वर्ड्स', फर्न सुसमन, कॅनडाच्या हॅनेन सेंटरचं. चित्रांनी भरलेलं, भाषा सोपी. मुळाशी तीन गोष्टी आहेत : बघा, थांबा, ऐका. 'थांबा' हे आपल्याकडे सगळ्यात अवघड जातं. मुलाने बरणीकडे बघितलं की आपण शेंगदाणे हातावर ठेवून मोकळे. बरणीचं झाकण घट्ट लावा, ती त्याच्या हातात द्या आणि गप्प राहा. तो बरणी तुमच्याकडे सरकवेल, हात धरेल, बघेल. ते बोलणंच आहे. तिथे 'उघड' हा एकच शब्द द्या.

दुसरं 'अ‍ॅन अर्ली स्टार्ट फॉर युवर चाइल्ड विथ ऑटिझम' (२०१२), रॉजर्स, डॉसन आणि विस्मारा. अंघोळ, कपडे, जेवण, यांतच शिकवणं कसं बसवायचं ते त्यात आहे. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना विशेष उपयोगी.

मंदार_ठाणे
'लेट मी हिअर युवर व्हॉइस'बद्दल काय मत आहे? आम्हाला सेंटरमध्ये ते वाचायला सांगितलं. आठवड्याला चाळीस तास एबीए (बक्षीस देऊन वागणं शिकवायची थेरपी) केलं तर निम्मी मुलं नॉर्मल होतात असं सांगतात.

शाळेतली_ताई
मंदार, कॅथरीन मॉरिस यांचं १९९३ चं पुस्तक. आईची तळमळ खरी आहे आणि त्या काळात पालकांच्या हाती काहीच नव्हतं, हेही खरं. पण 'निम्मी मुलं' हा आकडा कुठून आला ते बघा. ओले इवार लोवास यांच्या १९८७ च्या अभ्यासातून. त्यात सघन थेरपी मिळालेली मुलं १९, त्यांतली ९ साध्या शाळेत पहिली पार करून गेली. मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. आणि त्यात 'नाही' म्हणून ओरडणं, प्रसंगी मांडीवर चापट मारणं हेही उपचाराचा भाग होतं. आजचं एबीए बरंच बदललंय, तरी लहानपणी त्यातून गेलेले अनेक ऑटिस्टिक प्रौढ त्याविषयी कडवटपणे बोलतात. तेही ऐकून घ्या. तुमच्या सेंटरला एकच विचारा : मुलगा 'नको' म्हणाला की तुम्ही काय करता?

कृष्णाकाठ
आणि 'बरा करतो' म्हणणाऱ्या पुस्तकांपासून, रीलपासून, दवाखान्यांपासून सगळ्यांनीच सावध राहा. लसीमुळे ऑटिझम होतो असं सुचवणारा वेकफिल्ड या डॉक्टरचा १९९८ चा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. स्टेम सेलबद्दल आपल्याच राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने २०२२ मध्ये सांगितलं की ऑटिझमसाठी तो उपचार म्हणून देऊ नये आणि त्याचा प्रचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन धरावं. आमच्या ओळखीत एका कुटुंबाने शेत विकून ते केलं. मुलगा होता तसाच आहे आणि शेत गेलं.

चाफेकळी
सगळ्यांचे मनापासून आभार. 'युनिकली ह्यूमन' आलं, निम्मं वाचून झालंय. ताई, वही ठेवली. तुम्हाला सांगते काय निघालं.

'पुढील स्टेशन ठाणे' तो जेवणात म्हणतो ते पोट भरल्यावर. अंघोळीत म्हणतो ते डोक्यावर पाणी घेतलं की. पाहुणे आले की थोड्या वेळाने. डोंबिवलीत असताना आम्ही दर शनिवारी माझ्या आईकडे जायचो, ठाण्याला उतरून. ती घोषणा झाली की मी त्याला उचलून दाराकडे जायचे. म्हणजे त्याला म्हणायचंय 'आता उतरूया, मला इथून जायचंय.' मी इतके दिवस 'गप बस, जेव' म्हणत होते. परवा तो म्हणाल्याबरोबर मी म्हटलं, 'झालं? उठायचंय?' आणि ताट उचललं. त्याने माझ्याकडे सरळ बघितलं. काल स्वतःहून 'उठायचंय' म्हणाला, माझ्याच सुरात.

सासूबाईंना मी ती वही वाचून दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, पण आज संध्याकाळी पाहुण्यांसमोर तो म्हणाला तेव्हा त्याच त्याला आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

शाळेतली_ताई
वा! 'उठायचंय' तुमच्याच सुरात म्हणाला, म्हणजे नवं वाक्यही तो अख्खंच उचलतोय. हरकत नाही, त्याची रीत तशीच आहे. आता त्याच्या जागी उभं राहून बोला. 'तुला पाणी हवंय का?' असं न विचारता 'मला पाणी हवंय' म्हणा. तो उचलेल तेच वाक्य, आणि ते त्याच्या तोंडी बरोबर बसेल.

सातारचा_बाबा
सासूबाईंच्या प्रश्नावर माझा अनुभव. माझ्या आईला इंग्रजी येत नाही. एलन नॉटबॉम यांचं 'टेन थिंग्ज एव्हरी चाइल्ड विथ ऑटिझम विशेस यू न्यू' (२००५) मी रोज रात्री थोडं वाचायचो आणि तिला मराठीत सांगायचो. पुस्तक छोटं आहे, मूलच बोलतंय अशा थाटात लिहिलंय. आई ऐकता ऐकता आमच्याच घरातली उदाहरणं देऊ लागली. त्यात एक मुद्दा आहे की ही मुलं शब्दाचा सरळ अर्थ घेतात. आमचे वडील गेले तेव्हा सगळे मुलीला म्हणाले, आजोबा देवाघरी गेले. तिने देवघरासमोर ठिय्या दिला, देव्हाऱ्याचं दार उघडून बघायची, उठायला तयार नाही. सगळ्यांना वाटलं हट्ट आहे. आईला तो प्रसंग पुस्तकातल्या त्या पानावर आठवला. त्यानंतर घरात तिच्याशी कसं बोलायचं हे आईच बाकीच्यांना शिकवते.

आता तेच मी फोनवर आवाज रेकॉर्ड करून गावाकडच्या आत्यांना पाठवतो. शाळेच्या व्हॅनवाल्या काकांनाही दोन तुकडे ऐकवले.

मंदार_ठाणे
मोठ्या बहिणीसाठी काही आहे का? नऊ वर्षांची आहे. 'दादा माझ्याशी खेळत का नाही' विचारते. तो बारा वर्षांचा.

ऋचा_न्यूजर्सी
म्हणजे धाकटी बहीण :) तिच्यासाठी कॅथी हूपमन यांचं 'ऑल कॅट्स आर ऑन द ऑटिझम स्पेक्ट्रम'. पानापानावर मांजरांचे फोटो आणि एकेक ओळ. मांजर जवळ येतं ते त्याच्या मर्जीने, उचलून घेतलेलं आवडत नाही, जागा बदलली की बिथरतं. मुलांना लगेच कळतं. इंग्रजी अगदी सोपं आहे, मराठीत वाचून दाखवता येईल.

दादा बारा वर्षांचा आहे तर दोन नावं तुमच्यासाठी. मेरी रोबेल यांचं 'टेकिंग केअर ऑफ मायसेल्फ' (२००३), वयात येताना शरीराची काळजी, खाजगी-सार्वजनिक, स्पर्श, सगळं सरळ शब्दांत. आणि 'द इन्क्रेडिबल फाइव्ह-पॉइंट स्केल', राग किती चढलाय हे एक ते पाच आकड्यांत सांगायला शिकवणारं.

कृष्णाकाठ
'टेकिंग केअर ऑफ मायसेल्फ'ला जोरदार अनुमोदन. मुलींची पाळी सुरू व्हायच्या आधी एक वर्ष घ्या, नंतर नको. मी त्यातल्या पायऱ्यांची चित्रं काढून बाथरूमच्या दारामागे लावली होती, अजून आहेत.

मंदार_ठाणे
धन्यवाद. मांजरांच्या पुस्तकाची जुनी प्रत एका दुकानात आहे, पण नाव वेगळं दिसतंय, 'ऑल कॅट्स हॅव अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम'. तेच का?

ग्रंथपाल_कोल्हापूर
तेच. पहिली आवृत्ती २००६ ची, त्या नावाने. डीएसएम-५ मध्ये अ‍ॅस्पर्जर हे वेगळं निदान उरलं नाही, सगळं ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये आलं. २०२० च्या आवृत्तीला नवं नाव आहे. शक्य असेल तर नवी घ्या, म्हणजे बहिणीला घरात ऐकू येणारा शब्द आणि पुस्तकातला शब्द एकच राहील. जुनी स्वस्तात मिळत असेल तर तीही चालेल, मुखपृष्ठावरच्या नावाबद्दल तिला आधी सांगून ठेवा.